फणसाला वारस आहेत, शालनला नाहीत

कसालच्या बाजारात मी पत्रकं वाटत होते. हायवेच्या कडेला, एस.टी. थांबते तिथे, भाजीवाल्यांच्या रांगेसमोर. त्या दिवशीचा विषय पाण्याचा होता, शालनशी त्याचा काही संबंध नव्हता. एका गृहस्थांनी पत्रक घेतलं, पण वाचायच्या आधी ते माझ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी त्या कोर्टवाल्या चेडवाबरोबर फिरायचात मां? तां गेलां गो परवा." मी विचारलं, "खंय गेलां?" कारण शालन अधूनमधून म्हणायची, एक दिवस मुंबईला जाईन, कुणी ओळखणार नाही अशा चाळीत राहीन... गृहस्थांनी पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि नुसती मान हलवली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग थोडा बसला की लिहू, असं ठरवलं होतं. तो बसलेला नाही. त्यामुळे हे वाचताना कुणाला वाटलं की मेलेल्या माणसाबद्दल असं चढ्या आवाजात लिहू नये, तर त्यांनी पान उलटावं. 'कोर्टवालां चेडू', म्हणजे कोर्टवाली मुलगी, हे नाव तिला तिच्या वाडीनं दिलं होतं. पाणंदीतून जाताना पोरं ओरडायची, बायका विहिरीवर कुजबुजायच्या, आणि शेवटी तिच्या मरणाची बातमीसुद्धा त्याच नावानं माझ्यापर्यंत आली. तिचं नाव शालन. शालन भिकाजी. हे नाव एका कागदावर सगळ्यात वर लिहिलं जावं, एवढ्याचसाठी ती जगली. जगली तरी किती म्हणायची...

मालवणपासून खाडी ओलांडून गेलं की तिची वाडी. बाप लहानपणीच गेला होता. आई दम्यानं बेजार. घर चालवायचे ते तात्या, तिच्या बापाचे थोरले भाऊ. लग्न न केलेले, जुन्या वळणाचे, आणि वाडीत कुणाचंही शुभकार्य असो की संकट, गाऱ्हाणं घालायला तात्याच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट करण्याआधी देवापुढे, नाहीतर घरच्या तुळशीपुढे नारळ ठेवून मोठ्यानं विनवणी करतात. एकजण म्हणतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. जो 'होय' म्हणतो तो त्या शब्दानं बांधला गेला, असं समजतात. कागद लागत नाही, सही लागत नाही.

शालन एकोणीस वर्षांची असताना चतुर्थीला दोडामार्गकडून एक बाई आली. लांबची मावशी लागत होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण कायद्याच्या लेखी ती निर्दोष आहे. मावशीनं सांगितलं, गोव्यात एका डॉक्टरीणबाईंना मुलं सांभाळायला घरातल्यासारखी मुलगी हवी आहे. आईनं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. निघायच्या सकाळी तात्यांनी तुळशीपुढे गाऱ्हाणं घातलं. ते शब्द शालनला पाठ होते, माझ्यासमोर तिनं ते कितीदा म्हणून दाखवले. "बा देवा म्हाराजा! आज ह्यां चेडू घराभायर पडता हा. जिच्या हाती देतंव, तिणां ह्येका पोटच्या चेडवासारख्यां सांभाळूक व्हयां, आणि सुखरूप हयसर आणून पावती करूक व्हयी..." होय म्हाराजा! आणि शालन सांगायची, "सगळ्यांत मोठो आवाज मावशेचो."

पत्ता कुणी विचारला नाही. डॉक्टरीणबाईंचं नाव कुणी विचारलं नाही. शहरातले वाचक इथे हसतील, आमच्या संघटनेच्या सभेतही हसले होते. हसू नका. गाऱ्हाणं घातलेलं असताना पत्ता विचारणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं त्या अंगणात जमलेल्या प्रत्येकाला वाटलं. मावशीला हे पक्कं माहीत होतं. ती आमच्यातलीच होती. म्हणून तर तिचा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढचं मी थोडक्यात सांगणार आहे. शालनला ते सविस्तर सांगायला लावणारे पुष्कळ भेटले, आता तरी नको. गोव्यात बंदराजवळचं एक लॉज, मागची खोली, बाहेरून कडी. पहिल्याच दिवशी तिच्या चपला काढून घेतल्या. पळून जाऊ नये म्हणून. दिवसा तिथेच धुणं, भांडी, स्वयंपाक. दुसऱ्या एका नावानं तिला हाका मारायचे. ते नाव तिनं मला कधी सांगितलं नाही. तीन वर्षांनी पोलिसांची धाड पडली ती दारूसाठी. दारूच्या बाटल्या शोधताना त्यांना मुली सापडल्या. शालन घरी परतली तेव्हा आई गेलेली होती. तात्यांनी दार उघडलं, तिला आत घेतलं, आणि ते पुष्कळ दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. "शिव्या घातलेल्यो परवडल्यो असत्यो गो," ती म्हणायची. "म्हातारो नुसतो पेज वाढी आणि तुळशीकडे पाठ करून बसी."

फौजदारी खटला झाला. त्या खटल्यात सरकार एका बाजूला आणि मावशी दुसऱ्या बाजूला. शालन कुठेच नाही. ती साक्षीदार. तिला बोलावलं की यायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, गप्प म्हटलं की गप्प. लॉजवाला फरार, शेजारचे साक्षीदार उलटले आणि मावशी पुराव्याअभावी सुटली. निकाल लागला हे शालनला बाजारात केरसुण्या विकताना कळलं. तिला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण नियमाप्रमाणे ते कुणाचं कामच नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्या संघटनेनं मला तिच्याकडे धाडलं. मी तावातावानं गेले होते. मोर्चा काढू, मंत्र्यांना घेराव घालू, पत्रकावर तिचं नाव छापू, असं सगळं एका दमात बोलले. शालन केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत बसली होती. हातातली सुरी खाली न ठेवता म्हणाली, "बाय, तुझ्या पत्रकात बटाटेवडे बांधून देतत बाजारात. माझ्या नावावर तेल पडात." मग आणखी दोन हीर सोलले. शेवटी विचारलंन, "परत कोर्टात जाऊक येता काय? ह्या वेळेक माका कोणी गप म्हणूचो नाय, असां काय आसा?"

म्हणून आम्ही अण्णा वकिलांकडे गेलो. अण्णा म्हणजे साठीचे दिवाणी वकील. जन्म गेला बांध, वाट, विहीर आणि फणसाच्या झाडांवर भांडण्यात. त्यांच्या ऑफिसात पाय ठेवताना मला वाटलं, हा माणूस काय करणार? त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "फौजदारीत शिक्षा मागतात, ती सरकार मागतं. दिवाणीत नुकसानभरपाई मागतात, आणि ती जिचं नुकसान झालं ती मागते. दाव्याच्या डोक्यावर लिहितात, अमुक विरुद्ध तमुक. त्यातलं अमुक तू."

"म्हणजे माझां नाव पयलां?"

"पहिलं."

"आणि मावशेचां?"

"'विरुद्ध'च्या खाली."

शालन हसली. तिचे खालचे दोन दात पडलेले होते, ते कसे पडले हे मला माहीत आहे. त्या दिवसापर्यंत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी मात्र चिडले. अण्णांना म्हटलं, एका मुलीची तीन वर्षं तुम्ही पैशांत मोजणार? अण्णा आता मालवणीवर आले. "मगे कित्यात मोजू? कोर्टाकडे दुसरां माप नाय गो. पण मोजल्याबिगर मावशेन घेतलां काय तां लिवून कसां ठेवतलंय?"

मग त्यांनी तिला ते गाऱ्हाणं पुन्हा म्हणायला लावलं. एकदा, दोनदा. ऐकता ऐकता ते खुर्चीत पुढे सरकले. हा तोंडी करार आहे, म्हणाले. सांभाळीन आणि परत आणून देईन, असं चारचौघांसमोर दिलेलं वचन. ते मोडलं, मुलीला कोंडून ठेवलं, राबवून घेतलं. दावा या तिन्हीवर. गाऱ्हाण्याला करार म्हणणारा वकील मी तरी दुसरा पाहिला नाही. पण करार शाबीत करायला साक्षीदार हवा. ज्यानं ते गाऱ्हाणं घातलं, तोच.

कोर्टफी भरायची ऐपत नाही, असा अर्ज करावा लागला. त्याचीही चौकशी असते. गरीब आहेस हे सिद्ध कर! मावशीचा वकील तरुण होता, चुणचुणीत. त्यानं विचारलं, घर आहे? नाही. जमीन? नाही. दागिने? नाही. मग जरा थांबून, मागे बसलेल्यांकडे बघून म्हणाला, "आणि त्या तीन वर्षांत कमावलंस त्याचं काय केलंस?" मागे दोघंतिघं हसले. शालन सरळ न्यायाधीशसाहेबांकडे बघत होती. "तांच तर मागूक इलंय, सायबानू," ती म्हणाली. अर्ज मंजूर झाला. त्या कोर्टात आम्ही जिंकलो तो हा एवढाच दिवस.

त्यानंतर तारखा. कधी मावशीचा वकील आजारी, कधी तिच्या गावची जत्रा, कधी साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग नवे साहेब यायचे होते... अण्णा सांगायचे, अगो, आज काही होणार नाही, पावसातून येऊ नको. ती यायचीच. होडीनं खाडी ओलांडून, केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन. भारा व्हरांड्यात ठेवायची आणि दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसायची. सुटल्यावर बाजारात विकायच्या. एकदा कोर्टाचा कारभार बघणाऱ्या नाझरसाहेबांनीच एक केरसुणी घेतली, तेव्हा म्हणाली, "घेवा, घेवा. कोर्ट झाडूक दोन लागतीत."

आणि चपला. आमच्याकडची माणसं कोर्टात शिरताना चपला बाहेर काढतात. कुणी सांगितलेलं नाही, पण देवळासारखं वाटतं म्हणून काढतात. शालन काढत नसे. शिपाई दर वेळी दटावायचा, "गो, पायताणां भायर!" ती दर वेळी सांगायची, "एकदा काढललंय, ती तीन वर्षां गावली नाय." शेवटी शिपायानंच नाद सोडला. घरीसुद्धा तिच्या चपला उंबऱ्याच्या आत असायच्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून. पाय घातला की निघता यावं अशा.

पुकारा व्हायचा तो क्षण तिला हवा असायचा. शिपाई दारात येऊन खणखणीत ओरडायचा, "वादी, शालन भिकाजी...!" आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा. मला शरमल्यासारखं व्हायचं, तिच्यासाठी. ती पदर सावरून ताठ उभी राहायची आणि म्हणायची, "हाजीर." मग तारीख मिळायची, मग ती बाजारात जायची. एकदा मी म्हटलं, एवढ्यासाठी एवढी पायपीट? ती म्हणाली, "थंय माका दुसऱ्याच नावान हाक मारीत. हयसर बापाशीच्या नावासकट मारतत."

तात्या साक्षीला तयार नव्हते. मी त्यांच्याशी भांडले. "देवापुढे बोललेलां कोर्टात बोलूक जमाचां नाय," ते म्हणाले. "देव काय सायबाचो साक्षीदार?" मी म्हटलं, तुमच्या देवानं काय केलं तेव्हा? शालननं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मग ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "तात्यानू, माका देवाकडे परत न्हेव नकात. त्येका जां सांगूचां तां तुमी सांगलास. आता एकदा माणसाक सांगा." पुढच्या तारखेला होडीत तिच्या शेजारी ते बसलेले होते, काळा कोट घालून. तो कोट ते लग्नकार्याला घालत. बाहेर वहाणा काढून ते आत गेले... आणि तारीख मिळाली. पुन्हा आले, पुन्हा तारीख. तिसऱ्यांदा आले तेव्हा मावशीच्या वकिलानं घरी पाहुणे असल्याचं कारण दिलं, आणि तेही चाललं. त्यानंतर तात्या येईनात. "देव इतके खेपे घालूक लावणा नाय," म्हणाले.

शालनला खोकला होता तो तिथूनच आलेला. बंद खोलीतून. तपासणीत क्षय निघाला, औषध सुरू झालं, पण इंजेक्शनाचा दिवस आणि तारीख एकाच दिवशी आली की ती तारीख निवडायची. मी ओरडले, अण्णा ओरडले. खोकला दाबायला तोंडात लवंग धरून ती बाकावर बसायची. शेवटी अण्णांनी विनंती केली की प्रकृतीमुळे वादीची साक्ष आधी घ्या. घेतली. सरतपास, म्हणजे अण्णांनीच प्रश्न विचारायचे तो भाग, झाला. ती गाऱ्हाण्यापासून धाडीपर्यंत सगळं बोलली, साहेब लिहून घेत होते, आणि कुणी तिला गप्प म्हटलं नाही. उलटतपासासाठी मावशीच्या वकिलानं मुदत मागितली. मिळाली. ज्या साक्षीची उलटतपासणी झाली नाही ती लंगडी साक्ष. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं की काय, कोण जाणे. व्हरांड्यात येऊन म्हणाली, "अर्धां लिवलां. उरल्यां लिवीपर्यंत ऱ्हवूक व्हयां." नाही राहिली.

पुढच्या तारखेला मी कोर्टात गेले. का गेले, सांगता येत नाही. अण्णांना वादी मयत झाल्याचा कागद द्यायचा होता. बाकाच्या टोकाला कोट घातलेले तात्या बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वहाणा पायांत होत्या. मी जवळ बसले तर म्हणाले, "आज सांगतंय. पाठ आसा माका सगळां." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नियम म्हणजे नियम. बोर्डावर नाव होतं, तेव्हा पुकारा होणारच. शिपाई दारात आला. तो रोजचा शिपाई, त्यालाही ठाऊक होतं. तरी ओरडला, पण आवाज रस्त्यापर्यंत गेला नसेल. "वादी, शालन भिकाजी..." पुन्हा. आणि पुन्हा. तिसऱ्या पुकाऱ्याला तात्या उठून उभे राहिले, हात जोडले, आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाले, "होय म्हाराजा!"

साहेबांनी विचारलं, कोण हे? अण्णा म्हणाले, "वादीचे साक्षीदार आहेत, साहेब." साहेबांनी कागद वाचला. माणूस वाईट नव्हता तो. हळूच म्हणाले, "साक्षीची आता गरज राहिली नाही."

याचा अर्थ अण्णांनी मला व्हरांड्यात समजावला. वचन मोडून कोंडून ठेवल्याचं, विकल्याचं, देहाला आणि मनाला झालेल्या इजेचं जे मागणं असतं, ते ज्याचं त्याच्यापुरतं. माणूस मेला की तेही मेलं. वारसाला ते पुढे चालवता येत नाही. तिनं तिथे धुणीभांडी केली त्याची मजुरी तेवढी वारसाला मागता येईल, आणि वारस म्हणून उरले तात्या. अण्णांनी त्यांना विचारलं. तात्या ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "त्या घरातली मजुरी मी खाव? ती माझ्या गळ्याखाली उतरात, वकीलसायब?" त्यांना दोष देणारी मी कोण. पण संपलं ते असं. सरकारनं, कायद्यानं, तारखांनी सोडून जेवढं म्हणून उरलं होतं, तेवढं आपल्या माणसाच्या अब्रूनं संपवलं.

आम्ही व्हरांड्यातच होतो तेव्हा शिपायानं पुढचं नाव पुकारलं. अण्णांचाच दावा, दोन घरांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका फणसाचा. मूळ वादी केव्हाच मेला. त्याचा मुलगाही मेला. "वादी मयत, वारस हाजीर!" आणि तीन नातू एकमेकांना ढकलत आत शिरले. त्या फणसाची सावली कुणाच्या अंगणात पडते, हे या देशाचा कायदा पिढ्यान्‌पिढ्या विचारत राहील. झाडाला इजा झाली तर ती इजा मरत नाही. शालनला झाली ती मात्र तिच्याबरोबर चितेवर गेली, आणि मावशी दुसऱ्यांदा सुटली. या वेळी तर पुरावा असतानाही. मी या वाक्यानंतर 'म्हणून आमची मागणी आहे की' असं लिहायला शिकलेली आहे. आज हात पुढे जात नाही. मागायचं कुणासाठी?

परवा तात्यांकडे गेले होते. म्हातारा अंगणात होता, पाठ अजून तुळशीकडेच. वाडीतल्या कुणाची तरी मुलगी मुंबईला कामाला निघाली आहे, त्या घरचे गाऱ्हाणं घालायला बोलवायला आले होते, तात्या गेले नाहीत. "मगे?" मी विचारलं. "दुसऱ्यान घातल्यान," ते म्हणाले. "सगळे होय म्हाराजा म्हणाले. हयसर आयकाक येय होतां." मी पत्त्याचं विचारलं. तात्यांनी मान हलवली. कुणी विचारला नव्हता.

पाणी प्यायला आत गेले. कोपऱ्यात अर्धवट सोललेले हीर तसेच आहेत, वाळून पिवळे पडले आहेत. आणि उंबऱ्याच्या आत शालनच्या चपला, दाराकडे तोंड करून. तात्या केर काढताना त्यांच्या भोवतीनं काढतात, तिनंच बांधलेल्या केरसुणीनं. आत जाताना मी त्या ओलांडल्या. बाहेर येतानाही ओलांडल्या.